खुर्चीतली गोष्ट

समोरच्या नव्या दुकानाचं पाहून सलूनवाल्यानेही टीव्ही आणला आणि आरशाशेजारी ठोकला. "आता तुझं वाचन बंद," तो बायकोला म्हणाला. "पोरांना कार्टून हवं असतं."

बायको काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. लहान मूल खुर्चीवरच्या फळीवर बसलं, की ती शेजारी स्टूल ओढून मोठ्याने गोष्ट वाचायची. कुणीतरी आपल्यासाठी, फक्त आपल्यासाठी वाचतंय, एवढं पोराला कळलं की ते निम्मं शांत होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुकानातलं तिचं हक्काचं काम तेवढंच, आणि तेच जाणार म्हणून तिला मनापासून वाईट वाटलं. पण ती भांडली नाही.

"लावा की टीव्ही," ती म्हणाली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

पहिलंच गिऱ्हाईक भोवरा. चार वर्षांचं पोर, जागेवर टिकेना म्हणून हे नाव. सलूनवाला उजवीकडे आला की टीव्ही झाकायचा, मग भोवऱ्याची मान डावीकडे. तो डावीकडे गेला की मान उजवीकडे. पडद्यावर मोटार उडाली तसा भोवराही उडाला आणि कात्री कानाला चाटून गेली. रक्त नाही आलं, पण त्याने दुकान डोक्यावर घेतलं. बाप बाकावरून ताडकन उठला. सलूनवाल्याचं तोंड एवढंसं झालं.

बायकोने टीव्ही बंद केला आणि पुस्तक उघडलं.

"एक गाढव आपले कान विकायला बाजारात निघालं," तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"कान?" हुंदका अर्ध्यावर सोडून भोवऱ्याने विचारलं.

"लांब होते ना! म्हणालं, भाव चांगला येईल."

बघायला काही नव्हतंच, त्यामुळे मान हलायचं कारण उरलं नाही. पोरगं गाढवाबरोबर बाजाराच्या वाटेला लागलं. बापाने मोबाईल खिशात घातला आणि तो परत बाकावर, अगदी टोकाशी येऊन बसला. कात्री सरसर चालू लागली.

गाढव बाजारात पोचलं. व्यापाऱ्याने तराजू काढला. "आधी डावा कान ठेव," तो म्हणाला.

पान उलटताना तिने सहज आरशात पाहिलं. भोवऱ्याचे केस कधीच कापून झाले होते. नवरा मात्र त्याच्यामागे तसाच उभा होता आणि डोक्यापासून वीतभर लांब, नुसत्या हवेत कात्री चालवत होता.

ती गालातल्या गालात हसली आणि पुढचं पान जरा सावकाश वाचू लागली.