बिलातली हाडं

शहरात वर्षाला एक्स-रे किती निघतात, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. दवाखान्यांना विचारावं, तर प्रत्येक जण आपले कमी आणि शेजाऱ्याचे जास्त सांगे. शेवटी आरोग्य खात्याच्या साहेबांनी शक्कल लढवली. म्हणाले, बिलं मोजा. माणूस काहीही विसरेल, बिल फाडायला विसरत नाही.

हे काम ज्या मुलीच्या गळ्यात पडलं, तिला अख्खं खातं मोजपट्टी म्हणे. मुलगी आपली म्हणायची. चाळिशी तिच्या दारात चपला काढत होती. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा, दोघंच. मोजपट्टीला माणसांपेक्षा आकडे बरे वाटत. आकडे रुसत नाहीत, आणि सकाळी उठून 'काल उशीर का झाला' असं विचारत नाहीत.

बिलांत नावं नव्हती. रुग्णाचा क्रमांक, वय, दवाखाना आणि फोटो कुठल्या हाडाचा, एवढंच. तिनं सगळ्यांत जास्त एक्स-रे काढलेल्यांची उतरंड लावली, तर टोकावर एक एकाहत्तर वर्षांचे आजोबा विराजमान. आधी उजवं मनगट, मग डावं. मग मान, खांदे, कंबर, खुबा, गुडघे. दर मंगळवारी, एकाच सरकारी दवाखान्यात, म्हातारा मानेपासून खाली असा शिस्तीत उतरत आला होता.

साहेब ते बघून इतके खूश झाले की त्यांनी स्वतःहून चहा मागवला. "ह्यांनाच अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या," ते म्हणाले. "उगाच किरणं खाणारी अशी किती माणसं असतील."

तेव्हा मोजपट्टीनंच सुचवलं की वर्षभरात ठरावीक आकडा ओलांडला, की बिलाच्या खिडकीवरूनच माणसाला परत पाठवावं. साहेबांनी तिथल्या तिथे सही ठोकली. पुढच्या महिन्यापासून नियम लागू.

त्या रात्री जेवताना तिनं बाबांना ही गंमत सांगितली. एरवी ती ऑफिसातलं काही सांगत नसे, पण आज स्वारी खुशीत होती.

"आजोबांची फक्त टाच राहिलीये बघा, आणि डावा घोटा. एवढं उरकलं की सांगाडा पूर्ण."

बाबांनी ताटातली भाजी इकडून तिकडे केली. "नाव कळतं का गं त्यात?"

"नाही. क्रमांक असतो."

"मग बरं आहे," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "दुखतही असेल बिचाऱ्याचं. हसू नये."

मंगळवारी सकाळी बाबा आरशासमोर उभे राहून मिशी कातरत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. बाहेर निघाले तर जरासे लंगडतच. टाच ठणकतेय म्हणाले, दाखवून येतो. मोजपट्टी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली. टाच दाखवायला निघालेला माणूस मिशी कशाला कातरेल? आणि लंगडतोय तो कधी उजव्या पायानं, कधी डाव्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. अख्ख्या शहराची हाडं मोजली हिनं, आणि घरातली हाडं शेजारच्या खोलीत घोरत होती.

एवढी किरणं! बाबांना काही झालं म्हणजे? आणि एक्स-रे काढणारे दर आठवड्याला मुकाट्यानं फोटो काढतात म्हणजे काय? दुपारी ऑफिसातून ती तणतणत दवाखान्यात पोचली, तोवर बाबा येऊन गेले होते. एक्स-रेची खोली तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला होती. दारावर लाल दिवा, बाहेर एक लाकडी बाक, आत खुंटीवर शिशाचा जड एप्रन. एक्स-रे काढणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या. चष्मा साखळीला लटकवलेला, आवाज मात्र असा, की ऐकणाऱ्यानं न सांगता श्वास धरावा.

मोजपट्टीनं खात्याचं ओळखपत्र पुढे केलं आणि रुग्ण क्रमांक सांगितला. "ह्यांच्या वर्षभराच्या बिलांचा ढीग झालाय. एवढे फोटो कसे काढलेत तुम्ही?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, संगणकात बघितलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. फोटो होते तीन. दोन मनगटं आणि एक मान. त्यापुढे प्रत्येक ओळीत एकच शब्द होता: रद्द.

"पहिले तीन काढले," बाई म्हणाल्या. "चौथ्या वेळेला माझ्या लक्षात आलं, ह्यांचं काहीच दुखत नाहीये. तेव्हापासून दर वेळी डॉक्टरांना फोन करते, ते म्हणतात नको काढू. उगाच किरणं कशाला घालायची माणसाच्या अंगात? पैसे परत मिळतील, खिडकीवर जा, असंही सांगते. ते काही जात नाहीत."

"मग करतात काय?"

"बसतात बाकावर. गर्दी सरली की मीही बसते." बाईंनी उगाचच एप्रन खुंटीवर सरळ केला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"अगंबाई," बाई म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का? माणसाला हाडं असून असून किती असतील? म्हटलं, कधीतरी संपतील. संपली की मग विचारतील काहीतरी. वाट बघतेय मी."

मोजपट्टी आली होती भांडायला. परत निघाली ती रद्दच्या ओळी उतरवून घेऊन.

ऑफिसात तिनं साहेबांना सांगितलं, की बिल फाटलं म्हणजे फोटो निघाला असं नसतं. आपली मोजणीच चुकली. रद्द झालेले फोटो वजा करून तिनं सगळे आकडे नव्यानं मांडले. साहेबांचं तोंड कडू झालं.

"अहवाल सुधारा," ते म्हणाले. "पण खिडकीवर दिसतात ती बिलंच. नियम बिलांवरच चालणार."

स्वतःच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. आता बोलायची चोरी.

संध्याकाळी बाबा वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसले होते. ती समोर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बिलं, दवाखाना, नियम. पुढच्या महिन्यापासून खिडकीवर तुम्हाला बिल मिळणार नाही, आणि हा नियम मीच केलाय, हेही.

बाबांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"फोटो निघत नाही हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं की."

"मग दर वेळी नवं हाड कशाला?"

"बिल असल्याशिवाय त्या बोळात सोडत नाहीत. आणि काही कारण नको का जायला?" बाबांनी घडीवरून हात फिरवला. "आत गेलं की ती विचारते, आज काय दुखतंय. तुझी आई गेल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं."

मोजपट्टीला एकदम रडू आलं. औषधं संपली का, बिल भरलं का, दार लावलं का, हे ती रोज विचारायची. हे एकच कधी विचारलं नव्हतं. तिनं नाक पुसलं आणि ठरवलं, की परक्याची गोष्ट फोडू नये हा नियम आज मोडायचा.

"त्या म्हणाल्या, हाडं संपायची वाट बघतेय. संपली की तुम्ही काहीतरी विचाराल म्हणून."

बाबांनी आपल्या पायांकडे बघितलं.

"अजून डावा घोटा राहिलाय," ते म्हणाले.

"तो राहू दे," मोजपट्टी म्हणाली. "उद्या दवाखाना सुटताना फाटकाशी नुसतेच जाऊन उभे राहा."

"उद्या? उद्या तर बुधवार."

"म्हणूनच."