सवाशिणीची जखम

मी भित्री बाई आहे. पालीला भिते, विजेला भिते, सासूबाईंना तर लग्न होऊन आल्या दिवसापासून भिते. अशा बाईच्या हातात चिमटा देऊन जिवंत माशाची जखम उघडायला लावली, तर तिचं काय होईल? तेच माझं झालं, मेडशीतल्या आमच्याच अंगणात.

मासे हरीओमचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे. नवं घर बांधलं तेव्हा त्यानं अंगणात सिमेंटचं टाकं केलं आणि अकोल्याहून रंगीत कोई मासे आणून त्यात सोडले. हौस लवकरच फिटली, आणि मासे आपसूक सासूबाईंचे झाले. चतुराबाई त्यांचं नाव. त्यातली एक मासोळी पांढरीशुभ्र, कपाळावर तेवढा लाल ठिपका. तिला त्या सवाशीण म्हणायच्या. मामंजी गेल्यावर त्यांनी स्वतः कुंकू लावणं सोडलं, पण सवाशिणीला आपल्या हातानं चारणं कधी सोडलं नाही.

सासूबाईंना साखरेचा आजार. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली पावसाळ्यात जखम झाली, ती तूर फुलावर आली तरी भरेना. घरची हळद, तूप आणि मेण असा लेप त्या तिच्यावर थापायच्या, वरून फडकं. आमच्या शेतात हळद पिकते, त्यामुळे कापलं, भाजलं, सुजलं, सगळ्याला एकच औषध. दवाखान्यात चला म्हटलं की अंगावर धावून यायच्या. मामंजींनाही हाच आजार होता. त्यांना अकोल्याला नेलं, तिथे पाय कापावा लागला, आणि मग तेही गेले. फार उशिरा नेलं म्हणून गेले, हे सासूबाईंना सांगायची कोणाची छाती नव्हती. आता त्याच वाटेनं याही निघाल्या होत्या आणि मला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

अशात एका सकाळी बगळ्यानं सवाशिणीच्या पाठीत चोच खुपसली. सासूबाईंनी तिला जाळीत धरून जखमेवर तोच आपला लेप दाबून बसवला. वरून कसं पिवळंधम्मक, स्वच्छ दिसायचं. पण मासोळी खाईनाशी झाली आणि टाक्याच्या कोपऱ्यात अंग चोरून राहायला लागली. तेव्हा सासूबाईंनी मला बोलावलं.

"वर्षे, इले बरं कर. हे बरी झाली त मी येतो अकोल्याले, पाय दाखवाले. मेली त माह्या पायाचं नाव काढू नोको."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! एका मासोळीच्या पाठीवर माझ्या सासूचा पाय टांगून ठेवलेला. हरीओम शेतात. ज्याच्याकडून त्यानं मासे आणले होते त्या अकोल्याच्या भाऊसिंगला मी फोन लावला. त्यानं सगळं समजावून सांगितलं. लवंगेच्या तेलानं गुंगी द्यायची, जखम साफ करायची, मग तोंडातल्या फोडांसाठी मिळतं ते ओल्यावर चिकटणारं मलम लावून ती बंद करायची.

"तेल जास्त झालं त उठनार नाई, वहिनी," तो म्हणाला. "आन आधी उघडजा, मंग बंद करजा. घान आत ठिवून बंद केलं त मासा गेला समजा."

पाचावर धारण बसली माझी. सामान आणलं, टबात टाक्याचंच पाणी घेतलं, कोमट पाण्याच्या बाटलीत तेल घालून हलवलं आणि थेंब मोजता मोजता गणपतीचं नाव घेतलं. सवाशीण टबात फिरली, डगमगली आणि हळूच आडवी झाली. मेलीच, असं मला वाटलं. पण कल्ले हलत होते.

ओल्या टॉवेलवर तिला घेतलं. सासूबाई समोर पाटावर बसल्या, त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"कर ना वं. काहून थांबली?"

"आत्याबाई, मले भेव लागून राह्यलं."

"मासोळीले भेते का? कर."

मी चिमट्यानं लेपाची कड उचलली. खपली निघावी तसा तो अख्खा निघाला, आणि खालून वास आला.  वर इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि आत मांस करडं पडून पार खोल सडलं होतं. सैल झालेले खवले मी एकेक उपटले. जखम धुवायच्या तपकिरी औषधात बुडवलेल्या कापसानं पुसत राहिले. कापूस मळायचा, नवा घ्यायचा, तोही मळायचा.  शेवटी लाल, ताजं मांस दिसलं. ते टिपून कोरडं केलं, मलम भरलं, कडेपर्यंत दाबलं. इतका वेळ सासूबाई वाकून त्या जखमेकडेच बघत होत्या, माझ्या हाताकडे नाही. एरवी मी भाजी चिरली तरी चार चुका काढणारी बाई.

सवाशिणीला दुसऱ्या टबातल्या साध्या पाण्यात सोडलं. ती उलटी झाली.

मी तिला सरळ धरलं, तोंडावाटे पाणी जावं म्हणून हळूहळू पुढे सरकवत राहिले. कल्ले थांबले होते. तेल जास्त झालं. मीच मारलं हिला, आणि हिच्याबरोबर सासूबाईंनाही. मला रडू फुटलं.

"आत्याबाई, हे उठत नाई! तुमी शब्द फिरवू नोका, तुमच्या पाया पडतो, हे मेली तरी तुमी अकोल्याले चाला!"

 मान वळवून पाहिलं तर त्यांनी आपला पाय मांडीवर घेतला होता, फडकं सोडलं होतं आणि अंगठ्याखालचा लेप नखानं उचकटत होत्या. त्याची कड सुटली. तोच वास.

"हाच हाये वं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच, एखाद्या लहान मुलीचा असावा तसा. "हाच वास. रोज येते मले. मी म्हनो, हळदीचा असन."

माझ्या हातात काहीतरी वळवळलं. सवाशिणीनं एकदा शेपटी मारली, कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "उठली! आत्याबाई, उठली पाह्या!" मी ओरडले.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर पायावरच होती. मग त्यांनी माझं ओलं मनगट पकडलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"हरीओमले बोलाव. आत्ताच जाऊ. उद्या म्हनशीन त मी नाई येनार, मले माहीत हाये." "तुह्या सासऱ्याच्या पायाले बी हाच येत होता, वर्षे. मीच लावत होती हळद."