मिश्रीचा रकाना

मालुबाईंच्या पायाची नाडी लागली नाही, तो दिवस मी पाहिलेला नाही. तेव्हा माझा जन्मच झाला नव्हता. मी रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील संशोधनाच्या एका त्रैमासिकाचा अंक आहे. जन्माआधीचे जे सांगतो, ते माझ्या शेवटच्या आठ पानांच्या आधारे. आमच्याकडे लेखासोबत तो छापण्याआधी तपासणाऱ्या परीक्षकांचे आक्षेप आणि लेखकाची उत्तरेही छापतात.

लेखिका डॉक्टर रचना बेळगावच्या एका रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करते. मूळची निपाणीची, आई यल्लव्वा तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीतल्या बायकांचे पाय गार पडतात, बोटे काळी होतात आणि 'वय झालं' म्हणून गावातले डॉक्टर त्यांना घरी पाठवतात. हा वयाचा नव्हे, रक्तवाहिन्यांचा आजार आहे, हे रचनाला सिद्ध करायचे होते. तिने दोनशे चौदा बायकांचा दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. बावन्न जणींच्या पायांतल्या रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या.

दुसऱ्या परीक्षकाने लेख परत पाठवला. या बायका तंबाखू ओढत नाहीत, खात नाहीत, असे तुमचा तक्ता म्हणतो. तंबाखूशिवाय हा आजार इतक्या जणींना सहसा होत नाही; तर मग एकतर तुमचे मोजमाप चुकले आहे किंवा तुमचा प्रश्न, असे त्याने लिहिले. या अनामिक माणसाचा मला अभिमान वाटतो. सहज पटले नाही म्हणूनच तो नीट वाचत होता.

रचनाने पुन्हा मोजले. आकडे तेच आले. मग ती प्रश्न घेऊन आईच्या जुन्या सोबतिणीकडे, मालुबाईंकडे गेली. नाडी न लागलेल्या त्यांच्या पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम होती.

"तंबाकू न्हाय गं खात मी. मिश्री लावतो तेवढी. ते दात घासायचं."

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. मालुबाई ती दिवसातून चार वेळा लावत. यल्लव्वाही रोज सकाळी लावत असे. घरातली इतकी सवयीची गोष्ट, की फॉर्मवर तिचा रकाना काढायचे रचनाला सुचलेच नव्हते.

"एवढी शिकलीस," मालुबाई म्हणाल्या, "आन् आईच्या तोंडात काय हाय ते दिसलं न्हाय व्हय तुला?"

परीक्षकाला पाठवलेल्या उत्तरात रचनाने हा टोमणाही गाळला नाही.

नवा रकाना घेऊन ती दोनशे चौदा दारे पुन्हा फिरली. बावन्नपैकी एक्केचाळीस जणी मिश्री लावणाऱ्या निघाल्या; पाय धड असलेल्यांत हे प्रमाण पाचात एक होते. परीक्षकाचा शेवटचा शेरा त्रोटक आहे: 'मुख्य शंका फिटली. छापावे.'

आणि मी छापला गेलो.

गेल्या महिन्यात रचनाने मला वखारीच्या अंगणात नेले. माझ्या इंग्रजी मजकुरात मालुबाईंची ती दोन्ही बोलणी देवनागरीत उभी आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या मालुबाईंनी बोट ठेवून ती स्वतः वाचली. मिश्री सोडून त्यांना सात महिने झाले होते. औषधांनी अंगठ्याची जखमही भरत आली होती.

"बरोबर लिवलंईस," त्या म्हणाल्या. "आता त्या डाक्टरला दाव. म्हातारपण म्हणत हुता नव्हं?"

अंगणभर हशा पिकला. परीक्षकांच्या संमतीपेक्षाही ही पावती मला मोठी वाटली.

हशा ओसरल्यावर मंगल पुढे आली. वखारीत तिची बावीस वर्षे गेली आहेत.

"डाक्टरीणबाई, मी तर मिश्रीला कधी हात लावला न्हाय. मग माझा पाय का गार पडतोय?"

रचनाने वही काढून तिचे नाव लिहून घेतले. मंगलसारख्या अकरा जणी माझ्या तक्त्यात आहेत. कारण वखारीतली धूळ असेल, आणखी काही असेल. माझ्या एकशे बारा पानांत ते कुठेच नाही.