न नेलेला कोट

गल्लीत त्याला सगळे कडक म्हणत. कॉलरच्या इस्त्रीमुळे म्हणत की स्वभावामुळे, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला दोन्हींचा सारखाच अभिमान होता, आणि दोन्हींचं गिऱ्हाईक सारखंच कमी होत चाललं होतं.

घरोघरी कपडे धुण्याची मशीन आली तेव्हा तो म्हणाला, लोक कंटाळतील. लोक कंटाळले नाहीत. मग इस्त्री न लागणारं कापड आलं. तो म्हणाला, असलं कापड टिकत नाही. कापड चांगलं टिकलं. टिकेना झालं ते त्याचं दुकान.

प्रत्येक लाँड्रीत एक पाटी असते : 'तीस दिवसांत कपडे न नेल्यास दुकान जबाबदार नाही.' कडकच्या वडिलांनीही ती लावली होती. कडकने ती उलटी करून मागच्या बाजूला इस्त्रीचे दर लिहिले. कपडा गिऱ्हाइकाचा, आणि गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणून तो आपला होत नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्यामुळे मागच्या खोलीत एक लांब दांडा भरत गेला. त्यावर एका पदवीधराचा काळा झगा होता, एका बँडवाल्याचा सोनेरी बटणांचा गणवेश होता, आणि दातांच्या डॉक्टरांचा राखाडी कोट होता. डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून दुसऱ्या गावी मुलीकडे गेले, तेव्हा कोट इथेच राहिला. कडक या सगळ्यांना अधूनमधून ऊन दाखवी, डांबरगोळ्या बदली, खांद्यांवरची धूळ झटकी. बायको त्या दांड्याला वसतिगृह म्हणे.

"अहो, त्या झगेवाल्याची पोरं आता शिकायला लागली असतील. कशाला सांभाळताय?"

"त्याच्याकडे पावती आहे."

"पावती उंदरांनी खाल्ली असेल."

"मग उंदीर पावती घेऊन आले तर उंदरांना देईन."

"द्या. आणि तुमचा तो प्रामाणिकपणा पण घडी घालून द्या त्यांच्याबरोबर."

ती चिडून बोले, पण गोळ्या संपल्या की आणून ठेवी. गेली काही वर्षं दोघं दिवस पालटायची वाट बघत होते. तो गप्प राहून बघे, ती बोलून.

बायकोचा भाऊ याच धंद्यात होता आणि त्याचं बरं चाललं होतं. गिऱ्हाइकांचे कपडे घालून तो समारंभांना जाई. कडकने एकदा टोकलं तर म्हणाला, "भाऊजी, धुतलेला कपडा अंगात घातल्याशिवाय कळणार कसं, नीट धुतलाय की नाही?" मोठ्या हॉटेलचं काम त्याच्याकडे होतं. पण एका पार्टीत तो कोणाचा तरी निळा ब्लेझर घालून गेला आणि ब्लेझरचा मालक त्याच पार्टीत नुसत्या शर्टावर आला. हॉटेलचं काम गेलं.

दुसऱ्या आठवड्यात हॉटेलच्या मॅनेजरांचा कडकला निरोप आला. गुरुवारी भेटायला या.

कडककडे स्वतःचा एकच कोट होता. तो त्याने सोमवारी धुवायला काढला, कारण वर्षानुवर्षं इतरांचे कोट धुताना स्वतःच्याला वेळ मिळाला नव्हता. मंगळवारी सकाळी कोट बादलीत असताना फोन आला : साहेबांना बाहेरगावी जायचंय, आत्ताच या. बायको बाजारात गेली होती. कडक अंगातल्या बनियनकडे बघत उभा राहिला, मग मागच्या खोलीत गेला. तिथे काय विचार केला हे त्याला नंतर कधीच नीट आठवलं नाही. एवढंच आठवे की डॉक्टरांचा कोट बरोबर अंगाला बसला. घट्ट झाला असता तर बरं झालं असतं.

मॅनेजर शांत, किडकिडीत गृहस्थ होते. त्यांनी दर विचारले नाहीत, मशीन किती ते विचारलं नाही.

"एकच विचारतो. आधीच्या माणसाचं तुम्हाला ठाऊक असेलच. गिऱ्हाइकाचा कपडा कधी अंगात घातलाय?"

'आजच, हा' असं म्हणायला जेमतेम दोन शब्द लागले असते.

"नाही," कडक म्हणाला. "तीस वर्षांत कधी नाही."

तीस वर्षांचं म्हणाल तर ते खरं होतं. खोटं होतं ते फक्त त्या दिवशी सकाळपासूनचं.

"बघूनच कळतं," मॅनेजर म्हणाले. "कोटावरून माणूस कळतो." त्यांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड काढलं, मागे दोन ओळी लिहिल्या आणि हातात दिलं. कडकने ते आतल्या खिशात ठेवलं.

दुकानात परत येताच त्याने कोट उतरवला, ब्रश मारला, वाफेची इस्त्री फिरवली आणि बायको यायच्या आत दांड्याला लावून टाकला. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करून बघायचे, हा धंद्यातला पहिला नियम. कडकच्या हातून तो कधी चुकला नव्हता. पण या कोटाकडे तेव्हा त्याच्याने बघवतच नव्हतं.

दिवस पालटले. हॉटेलचं काम आलं, मागच्या अंगणात दोऱ्या वाढल्या, बायकोने एक बाई मदतीला ठेवली आणि भावाला फोन करून तासभर त्याचं सांत्वन केलं. त्याला ते आवडलं नसावं. कडकला मात्र जेवण जाईना.

"अहो, कामं नव्हती तेव्हा दोन वेळा जेवत होतात. आता काय झालंय?"

"उकडतंय."

"इस्त्रीवाल्याला उकडतंय! ऐकलंय कोणी?"

मॅनेजर हौशी होते. त्यांनी पाहुण्यांचे कपडे भरायच्या नव्या पिशव्या शिवून घेतल्या आणि प्रत्येक पिशवीवर छापून घेतलं : 'निर्धास्त सोपवा. आमच्या लाँड्रीने तीस वर्षांत गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावलेला नाही.' आता रोज सकाळी टेम्पोतून पिशव्या उतरत आणि एकेक पिशवी त्याला तेच वाक्य ऐकवी. तो पिशव्या उलट्या करून रचू लागला. मदतीच्या बाईंना वाटलं, ही इथली पद्धत असेल. त्याही उलट्या रचू लागल्या.

अशात एका सकाळी दातांचे डॉक्टर दारात उभे राहिले. वाळले होते, कानाला कमी ऐकू येत होतं, पण मिस्किलपणा तसाच.

"काय कडकराव, आहे का माझा कोट, का घातला विकून?"

कडकच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. कापड करपायच्या आत त्याने ती उचलली.

"आहे, डॉक्टर. आहे की."

"पावती हरवली हो."

"चालेल."

कोट बघून डॉक्टरांचा चेहरा खुलला. त्यांनी तो तिथेच अंगात चढवला आणि आरशापुढे उभं राहून बोलत राहिले. मुलीकडे सगळं छान होतं, पण ती सारखी म्हणे, बाबा, तुम्ही विसरता. मागच्या महिन्यात एकदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून ती यांना चावीसुद्धा देईना. शेवटी यांनी सांगितलं, मी एकटा जाऊन येतो, चार दिवस हॉटेलात राहतो, घर उघडून झाडून घेतो, आणि सगळं नीट जमलं तर माझ्या घरी माझा मी राहणार.

"ती म्हणाली, जमवून दाखवा. काल आलो. अजून तरी काही विसरलो नाही. छत्रीसुद्धा नाही!" ते हसले. सवयीने त्यांचा हात आतल्या खिशात गेला आणि कार्ड घेऊन बाहेर आला.

"हे काय?" त्यांनी चष्मा सारखा केला. "हे तर मी उतरलोय त्याच हॉटेलचं. मॅनेजरचं कार्ड." मागे वळवून वाचलं. "सोमवारपासून सुरू. मागच्या दाराने येणे." ते बराच वेळ त्या दोन ओळी बघत राहिले. "मी त्यांना आधी भेटलोय? केव्हा?"

कडकने तोंड उघडलं. बाहेर टेम्पो थांबला होता, बाई पिशव्या उतरवत होत्या.

"कुणाचं चुकून..." तो एवढंच म्हणाला.

"खिसा माझा, कोट माझा. चुकून कुणाचं?" डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे कोट इथे टाकायच्या आधी मी या माणसाला भेटलो, काहीतरी ठरवलं, आणि मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. पोरगी बरोबर होती तर." त्यांनी कार्ड जपून परत खिशात ठेवलं. "बरं झालं, कळलं. उद्याच परत जातो. घर विकून टाकावं म्हणते ती, विकू दे."

ते निघाले तेव्हा उंबऱ्याशी क्षणभर थांबले आणि डावीकडे जायचं की उजवीकडे, हे एखाद्या पोरासारखं मनाशी पक्कं करून मग चालू लागले. या रस्त्याने ते आयुष्यभर चालले होते.

संध्याकाळी कडकने बायकोला सगळं सांगितलं. ती दोऱ्यांवरून हॉटेलच्या चादरी काढत होती. ऐकता ऐकता तिच्या हातातली चादर अर्धी घडी झालेलीच राहिली.

"मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "आता मलाही गिळवणार नाही."

"डॉक्टरांना सांगावं लागेल."

"ते हॉटेलात उतरलेत. त्यांना सांगितलं की मॅनेजरला कळलं. मॅनेजरला कळलं की..." तिने हाताने सगळ्या दोऱ्या दाखवल्या. "मी तुम्हाला इतकी वर्षं बोलले ना, की या सचोटीने चूल पेटत नाही? तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत. आणि ऐकलंत ते नेमकं मी घरात नसताना!"

"चुकलं."

"चुकलंच. धरा ते टोक." दोघांनी चादरीची घडी घातली. "सकाळी आधी धुतलेले गठ्ठे पोचवा. मग सांगायचं ते सांगा. आपल्या भानगडीत लोकांच्या चादरी अडकायला नकोत."

सकाळी गठ्ठे मागच्या दाराने देऊन कडक पहिल्यांदाच पुढच्या दालनात गेला. डॉक्टर बॅग घेऊन काउंटरशी उभे होते. अंगात कोट, हातात कार्ड. मॅनेजर कार्ड उलटसुलट करून बघत होते.

"नीट आठवून सांगा," डॉक्टर म्हणत होते, "मी आलो होतो का तुमच्याकडे? कशासाठी? रात्रभर डोकं खाजवतोय. तुमच्या पाया पडतो, सांगा."

मॅनेजरांनी स्वतःचं अक्षर ओळखलं. मग नजर वर नेऊन त्यांनी कोट ओळखला. त्यांना सगळं कळल्याचं कडकला इतक्या लांबूनही दिसलं. मॅनेजर काउंटरवरच्या पिशव्यांच्या चळतीकडे बघून अतिशय प्रेमळ आवाजात म्हणाले,

"आला असाल, डॉक्टर. या वयात असं व्हायचंच. मनाला लावून घेऊ नका."

डॉक्टरांनी मान हलवली. मान हलवून झाल्यावरही ती थोडा वेळ हलत राहिली.

"ते आले नव्हते," कडक पुढे होत म्हणाला. "मी आलो होतो. त्यांचा कोट घालून. कार्ड मला दिलेलं आहे."

मॅनेजरांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. "लाँड्रीने मागच्या दाराने यायचं असतं," ते हळूच म्हणाले. "आणि हे बघा, मी काही ऐकलेलं नाही. त्यांनाही ऐकू आलेलं नाही, त्यांना कमी ऐकू येतं. आता गाडी येईल, ते मुलीकडे जातील, तिथे त्यांची काळजी घेणारं माणूस आहे. पिशव्या हजार छापून घेतल्यात मी. मालकांना काय सांगू? तुम्हालाही धंदा आहे, मलाही आहे. जा."

हे सगळं इतकं समजूतदारपणे सांगितलं होतं की कडकला एक क्षण खरंच वाटलं, आपण सांगून झालं, आपलं ओझं उतरलं. डॉक्टर बॅगेचा पट्टा शोधत होते. तो त्यांच्या खांद्यावरच होता.

कडकने दंड सोडवून घेतला, डॉक्टरांच्या बऱ्या कानाशी गेला आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला,

"डॉक्टर, तुम्ही काही विसरला नाहीत! तुमचा कोट मी घातला होता! कामासाठी! यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि काल तुमच्यापुढे गप्प बसलो!"

नाश्त्याच्या खोलीतल्या चमच्यांचे आवाज थांबले. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली, मग तिची नजर पिशव्यांवर गेली. मॅनेजर डोळे मिटून उभे होते.

डॉक्टरांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा कडकला वाटलं होतं तसे ते हसले नाहीत.

"काल का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत ते त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते. "अरे, रात्री मी पोरीला फोन करून सांगितलं, घर काढ म्हणून. रडली ती. मी रडलो. तू तिथे उभा होतास, इस्त्री घेऊन!"

कडकने त्यांची बॅग घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही.

"दातांचा डॉक्टर आहे मी. लोक 'आ' करून माझ्यासमोर खोटं बोलतात, मला सवय आहे. पण तुझ्याकडून..." ते थांबले, बॅग खाली ठेवली आणि काउंटरवरच्या मुलीकडे वळले. "बाळ, मला फोन लावून दे. मुलीला सांगायचंय, घर काढू नकोस. आणि माझी खोली कोणाला देऊ नका."

काउंटरवरची मुलगी नंबर फिरवू लागली. मॅनेजरांनी चळतीतली वरची पिशवी उचलली, तिच्यावरचं वाक्य एकदा वाचलं आणि ती उलटी करून ठेवली. कडकला जा म्हणून कोणी सांगितलं नाही, थांब म्हणूनही नाही. पलीकडून डॉक्टरांच्या मुलीचा आवाज येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला, कारण मुलीचा विश्वास बसला नाही तर डॉक्टरांना साक्षीदार लागणार होता.