जास्वंदीची साक्ष

बाजाराच्या दिवशी आमच्या चौकात भाजीवाल्यांपेक्षा जास्त गर्दी एका टेबलाभोवती असायची. टेबलावर पांढरा कपडा, कपड्यावर टोपलीभर लाल जास्वंद, आणि मागे एव्होदियो, ज्याला सगळे मानानं 'दॉन' म्हणायचे. पांढरा सदरा, पांढरी मिशी, पांढरे बूट. आमच्या एल कारिसालच्या चिखलात बूट पांढरे ठेवणारा माणूस गावानं आधी पाहिला नव्हता, त्यामुळे अर्धा चमत्कार तिथंच सिद्ध झाला होता.

जास्वंद आम्हाला नवी नाही. इथं प्रत्येक कुंपणाला ती आहे. बायका पानं-फुलं ठेचून त्या बुळबुळीत पाण्यानं केस धुतात, पाकळ्या वाटून तोंडाला फासतात. तिच्याच एका आंबट बहिणीचा लाल चहा आम्ही उन्हाळाभर पितो. हे सगळं फुकट होतं, म्हणून त्याला कुणी किंमत देत नव्हतं. एव्होदियोनं तेच पाणी बाटलीत भरलं, बाटलीला चाळीस पेसो लावले, आणि जास्वंदीत काहीतरी गुण असतो हे गावाला एकदाचं पटलं.

पण बाटल्या हा जोडधंदा. खरा धंदा वेगळा होता. त्याचं फूल बोलायचं.

"या, या! मन साफ असेल त्यानं घाबरायचं काय कारण? हात धुऊन यायचं नाही हं, धुतल्यानं खरं वाहून जातं! हे फूल सूर्याची लेक आहे. बाप डोक्यावर आला की लेक गप्प बसते. तेव्हा आटपा, सकाळची वेळ साधा!"

समोरच्याच्या तळव्यावर तो दोन थेंब पाणी टाकायचा आणि अंगठ्यानं पाकळी चोळायचा. डाग लाल-जांभळा राहिला तर हात निर्मळ. निळा-हिरवा पडला तर हातात विष. त्या हातचं अन्न अंगी लागत नाही, त्या हातानं धरलेलं मूल वाळतं.

आणि रंग पडायचा हो! आमच्या डोळ्यांदेखत लाल पाकळीचं शेवाळ व्हायचं. मग दालचिनीच्या वासाचं 'शुद्धिजल' दोन थेंब, आणि डाग पुन्हा लाल. लोक छातीवर क्रूस काढायचे आणि खिशातून पैसे काढायचे.

आमच्या नगराध्यक्षांनी शाळेच्या छपराचे पत्रे आपल्या गोठ्यावर चढवले, हे गोठ्यातल्या गाईंनाही ठाऊक आहे. त्यांचा तळवा गुलाबासारखा राहिला. बायकोला रोज बडवणारा खाटीक निर्मळ निघाला. एकाही पुरुषाच्या हातात विष सापडलं नाही. सापडलं ते बायकांच्या हातात, त्यातही सुनांच्या. पुरुषांनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्यांना हा संशय पहिल्यापासून होता.

ब्रिहिदाची पाकळी सगळ्यांत हिरवी पडली.

ही दोन्या क्रेसेन्सियाची, म्हणजे क्रेसेन्सियाबाईंची, सून. नवरा उत्तरेला टोमॅटोच्या शेतात मजुरीला. घरात ती, सासू आणि अंगावर पिणारं नाबोर. पोराला जुलाब लागले होते आणि ते वाळत चाललं होतं. सासूनं सुनेला टेबलापाशी उभं केलं. हिरवं. शुद्धिजल घेतलं, लाल झालं. पुढच्या बाजाराला पुन्हा तपासलं, पुन्हा हिरवं.

"हा डाग नाही, दोन्या," एव्होदियो हळहळला. "हे मूळ आहे. पोर जगवायचं असेल तर हा हात त्याला लागू देऊ नका." त्यानं बाळाला पाजायला लाल पाण्याची बाटली दिली. तीही चाळीस पेसोंचीच. भल्या माणसानं त्या प्रसंगाचा फायदा घेऊन भाव वाढवला नाही.

मी रक्तदाब तपासायला दवाखान्यात बसलो होतो, तेव्हा ब्रिहिदा आत आली. डॉक्टर ओफेलिया मला मीठ कमी खायला सांगत होत्या. ब्रिहिदानं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"डॉक्टरीणबाई, हे काढून टाकता येतील का?"

"काय काढून?"

"हात. हात नसले तर सासूबाई मला बाळाला पाजू देतील. माझं दूध आटत चाललंय, बाई. त्या त्याला ते लाल पाणी पाजतात. मला माहेरी डोंगरात पाठवणार आहेत, नाबोरला ठेवून घेऊन."

डॉक्टर ओफेलिया तोंडाच्या फटकळ. पण त्या वेळी त्यांनी तिचे हात हलकेच हातात घेतले. मग ते उलटे करून पाहिले. बोटांच्या भेगांत पांढरं काही बसलं होतं.

"मीही त्या माणसाला तळवा दाखवला होता," त्या म्हणाल्या. "माझा लाल राहिला. म्हणाला, शिकलेल्या बाईचं मन शुद्ध असतं. माझं मन कसलं आलंय शुद्ध? सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, सांग बघू."

"काय करणार? मका धुतला, दळला, तोर्तिया थापल्या."

"तू एकटीनं?"

"सासूबाईंचे सांधे दुखतात ना. मी आले तेव्हापासून."

डॉक्टर उठल्या, कुंपणावरून एक जास्वंद तोडून आणली आणि तिच्या बोटांवर चोळून पाहिली.

त्या दोघी लगेच बाळाला दवाखान्यात आणायला क्रेसेन्सियाच्या घरी गेल्या. तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. नाबोरला आजीनं खांद्यावर टाकून चौकात आणलं होतं. ते रडत नव्हतं, रडायला लागतं तेवढंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. डॉक्टर ओफेलिया एक बादली घेऊन आल्या आणि त्यांनी ती टेबलावर आदळली. बादलीत चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवलेला मका होता, प्रत्येक घरी असतो तसा.

"दॉन एव्होदियो, मका चोळा जरा. मग तुमचा तळवा बघू."

"माझे हात देवकार्याचे आहेत, बाई."

"मक्यात घालायचेत, गटारात नाही."

खाटीक हसला. क्रेसेन्सियाला ते सहन झालं नाही. "त्या देवमाणसाला कशाला गं छळतेस? सरक. माझा हात दर वेळी लाल निघालाय." तिनं पोर शेजारणीकडे दिलं आणि दोन्ही हात बादलीत खुपसले. किती दिवसांनी तिचा हात मक्याला लागत होता! चांगला चोळला, हात झटकले, तळवा पुढे केला. पाकळी डॉक्टरांनीच चोळली.

हिरवी. गर्द हिरवी.

गर्दी एक पाऊल मागे सरली.

"आई गं! सासूसुद्धा!"

"मला वाटलंच होतं. तिची नजर पहिल्यापासून तसलीच."

आमचं गाव पुरावा पटकन मानतं. तो कशाचा, एवढंच विचारत नाही.

"अरे, चुना आहे तो, चुना!" डॉक्टर ओरडल्या. "जास्वंदीच्या रंगाला चुना लागला की तो हिरवा पडतो. आंबट लागलं की लाल होतो. विष नाही, पाप नाही!" त्यांनी लिंबू कापून क्रेसेन्सियाच्या तळव्यावर पिळलं. हिरवा डाग लालभडक झाला. मग शुद्धिजलाची बाटली उघडून खाटकाच्या तोंडाशी धरली. "चाख."

"आंबट," खाटीक म्हणाला. "लिंबूच आहे च्यायला."

"मग आमचे हात लाल कसे राहिले?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"आज सकाळी तुमच्यापैकी कुणी मका धुतला?"

पुरुषांनी तळवे खिशात घातले.

"जन्मात कधी?"

"फूल खोटं बोलत नाही!" एव्होदियो कपडा गुंडाळता गुंडाळता म्हणाला.

"फूल बोलतच नाही. बोलता तुम्ही."

त्याला कुणी अडवलं नाही. नगराध्यक्षांनी आपल्या गाडीतून त्याला हमरस्त्यापर्यंत सोडलं. दोघांचे तळवे निर्मळ होते.

नाबोर दवाखान्यात मीठ-साखरेच्या पाण्यावर तग धरून राहिलं आणि जगलं. ब्रिहिदाला पोर परत मिळालं, दूध मात्र परत आलं नाही. आता नाबोर डब्याच्या दुधावर आहे. क्रेसेन्सियानं माफी मागितली नाही. "फूल म्हणालं, मी काय करणार?" असं ती अजून म्हणते. सून अजूनही पहाटे उठून मका धुते, कारण सासूचे सांधे अजून दुखतात.

जास्वंद केसांना जरूर लावा. चेहऱ्याला लावा, सोसत असेल तर. तिचा लाल चहा प्या, पण औषध बंद करून नको, आणि तान्ह्या बाळाला तर नकोच नको. ती गुणी आहे, पण माणसाच्या मनातलं तिला काही कळत नाही. ते सांगणारा कुणी तुमच्या चौकात आला आणि बोट दाखवून म्हणाला की हिचे हात वाईट, तर पाया पडण्याआधी एकच विचारा, हे हात सकाळपासून कुठे होते? आणि मग त्याचेही विचारा.