ज्याने लावला, त्यानेच काढायचा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. एवढे सांगितले की लोक हसतात. "ठोकळ्यासारखा काय बसलायस?" असे तुम्हीही कधी कोणाला म्हणाला असाल. खुशाल म्हणा. मित्रांनो, मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही, कारण एका जागी बसून राहणे हेच माझे काम होते आणि ते मी बावीस वर्षे चोख बजावले. मोटारी आपल्या गोष्टी सांगतात तेव्हा आपण किती धावलो ते सांगतात. मी मात्र गाडीला किती वेळा धावू दिले नाही, ते सांगणार आहे.

जन्माने मी पायरी. एका शाळेच्या लाकडी जिन्यात मी वरून तिसरा होतो. शेकडो मुले माझ्यावरून धडधडत गेली आणि मी हूं की चूं केले नाही. पुढे शाळेला सिमेंटचा जिना झाला आणि आम्हा पायऱ्यांची रवानगी सुताराकडे झाली. तिथे मी कोपऱ्यात धूळ खात पडलो होतो. एके दिवशी एक घामाघूम माणूस आत आला आणि म्हणाला, "चाकाखाली लावायला एक ठोकळा करून द्या. एका बाजूला जाड, एका बाजूला निमुळता. आणि लाकूड असं द्या की जन्मात फुटायला नको."

सुतार म्हणाला, "रस्त्यात दगड मिळत नाहीत का तुला?"

"मिळतात हो. पण झोप काय दगड बघून येते?"

हा माणूस मोठ्या गाडीतून काचा पोहोचवायचा. दुकानांच्या, खिडक्यांच्या, माणसाहून उंच काचा. सगळे त्याला काचवाले म्हणत. आदल्या आठवड्यात ते दुपारी उतारावर गाडी लावून झोपले होते. हँडब्रेक ओढला होता, पण तो जुना, ढिला. जाग आली ती आवाजाने. गाडी घरंगळत जाऊन रस्त्याकडेच्या दगडाला टेकली होती आणि मागच्या सगळ्या काचांचा चुरा झाला होता. ते स्वतः वाचले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. काचवाले मला घेऊन गेले.

सुताराने मला कापले, तासले, जाड बाजूला आरपार भोक पाडले. काचवाल्यांनी त्यातून एक लांब लाल दोरी ओवली. ती कशाला, ते सांगतो.

लांबच्या वाटेवर काचवाल्यांच्या डोळ्यांवर झापड येऊ लागली की ते आधी गाणे म्हणत, मग खिडकी उघडत, मग तोंडावर पाणी मारत. काही वर्षांनी त्यांनी हे सगळे सोडून दिले. ते म्हणायचे, "तोंडावर पाणी मारणं म्हणजे झोपेला लाच देणं. ती लाच घेते आणि पाच मिनिटांनी परत येते." मग पेंग यायला लागली की ते थेट जागा शोधत. रस्त्याच्या कडेला कधीच थांबत नसत, कारण मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवरही झापड असू शकते. पेट्रोल पंपामागची सपाट जागा, खाणावळीचे आवार, जिथे माणसांचा वावर आहे अशी सावली त्यांना पसंत पडे. इंजिन ते न चुकता बंद करत. "बंद काचांच्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं म्हणजे मरणाला उशाशी घ्यायचं," हे वाक्य मी हजार वेळा ऐकले आहे. दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली, दारे आतून बंद, किल्ली खिशात. मग घरी बायकोला फोन. "अमुक पंपामागं झोपतोय गं. वीस मिनिटांनी उठून फोन करतो." फोन आला नाही, तर अर्ध्या तासाने ती स्वतः करायची आणि उठेपर्यंत करतच राहायची.

या सगळ्याच्या आधी मी चाकाखाली बसलेला असे, ज्या बाजूला उतार त्या बाजूने. माझी दोरी ते दाराच्या मुठीला बांधत, म्हणजे निघताना मला विसरून जाणार नाहीत. उठल्यावर पाणी पीत, गाडीभोवती दोन फेऱ्या मारत, डोळे पुरते उघडले की मगच मला उचलत. इतर ड्रायव्हर चिडवायचे. "काय काचवाले, पोराला फिरायला आणलंय का दोरी बांधून?" काचवाले हसायचे आणि झोपायचे. काही दिवसांनी चिडवणाऱ्यांपैकी दोघांनी सुताराचा पत्ता विचारला.

आता नियमाची गोष्ट. काचांच्या गोदामात एक साहेब होते. ते माणसाशी बोलतानाही मनगटाकडे बघत, म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणत. एका दुपारी गोदामाच्या आवारात माल उतरायला वेळ होता, म्हणून काचवाले झोपले होते. घड्याळसाहेब आले. त्यांनी मला लाथेने चाकाखालून उडवले आणि दारावर थापा मारल्या. "ऊठ! झोपा काढायला ठेवलंय का तुला?" काचवाले दचकून उठले, अर्ध्या झोपेतच गाडी सुरू केली आणि ती फाटकाच्या खांबावर नेऊन आदळली. तिथे बसलेल्या हमालाने पाय वेळेवर मागे घेतला, नाहीतर गेलाच होता.

काचवाले खाली उतरले. त्यांनी मला उचलले, कचेरीत गेले आणि मला घड्याळसाहेबांच्या टेबलावर आपटले. मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो.

"साहेब, आजपासून एक नियम. हा ठोकळा ज्याने लावला, त्यानेच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मान्य नसेल तर ही किल्ली."

घड्याळसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले, किल्लीकडे पाहिले आणि किल्ली तिथेच राहू दिली. काच न फोडता नेणारे ड्रायव्हर काही रस्त्यावर पडलेले नसतात. त्या दिवसापासून माझी दोरी दाराला नाही, काचेच्या फटीतून थेट काचवाल्यांच्या मनगटाला बांधली जाऊ लागली. मला हलवायचे तर आधी त्यांना जाग येणार.

मित्रांनो, इथवर वाचून तुम्हाला वाटेल की काचवाले फार शहाणे होते. होतेच. पण शहाणा माणूसही मायेपोटी येडा होतो.

त्यांना एकच लेक. लहानपणी ती माझ्या उतारावरून खेळण्यातल्या गाड्या सोडायची. मोठी झाल्यावर तिच्या डोक्यात रस्ते बांधायचे खूळ शिरले. दूरच्या एका संस्थेत ते शिकवतात, तिथे तिची निवड झाली. पण पत्र उशिरा मिळाले. परवा चारच्या आत स्वतः हजर राहायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. ती म्हणाली, पहाटेच्या बसने जाते. काचवाले म्हणाले, "बस कशाला? मी आहे ना. माझ्या लेकीला मीच पोचवणार."

झाले असे की निघायच्या आदल्या रात्री त्यांना काचा घेऊन जावे लागले आणि ते परतले तेव्हा बस निघून गेली होती. त्यांनी तोंड धुतले, चहा घेतला आणि लेकीला म्हणाले, "बस गाडीत."

"बाबा, तुम्ही झोपलाच नाहीत."

"मला झोप येत नाहीये."

बावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेले हे पहिले खोटे.

मी सीटखाली होतो. मला सगळे कळत होते. त्यांनी एकच गोष्ट तिला दोनदा सांगितली. एक वळण चुकले. चाके दोनदा रस्त्याकडेच्या खडीवर गेली आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "खड्डा होता." मग लेकीने विचारले, "मागे पूल ओलांडला, तो बघितलात का? केवढा मोठा होता." ते म्हणाले, "कुठला पूल?"

दीड वाजला होता. पुढची वाट दोन तासांची होती. तिला स्वतःला अजून गाडी चालवता येत नव्हती. समोर खाणावळीचे आवार दिसले तशी ती म्हणाली, "मला जरा उतरायचंय." त्यांनी गाडी आत घेतली. ती उतरली, सीटखाली हात घालून तिने मला ओढले, तिच्या बाजूच्या चाकाखाली मला घट्ट बसवले, दोरी आपल्या मनगटाला बांधली आणि परत येऊन बसली.

"काय चाललंय हे? काढ तो ठोकळा. चारला पोचायचंय."

"ज्याने लावला, त्यानेच काढायचा. नियम कुणाचा आहे, बाबा?"

"नियम मला शिकवतेस? माझाच?"

"हो."

ते खूप रागावले. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं, म्हणाले. ती म्हणाली, "वीस मिनिटं. वीस मिनिटांनी निघालो तरी पोचतो." त्यांनी किल्ली खिशात टाकली, हाताची घडी घातली, "मी फक्त डोळे मिटतो," असे म्हणाले आणि वाक्य संपायच्या आत घोरायला लागले. तिने काचा खाली केल्या, दारे लावली, आईला फोन करून जागा सांगितली. सगळे अगदी त्यांच्यासारखे.

वीस मिनिटे झाली. तिने हाक मारली. "बाबा, चला."

काचवाले ताडकन उठले, दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग गच्च धरले आणि सगळ्या ताकदीने ब्रेक दाबला. उभ्या गाडीत. "धर! धर!" असे ओरडले. मग इकडेतिकडे पाहिले आणि पुन्हा मान टाकली.

लेक घाबरली. तिला आता सगळे ठाऊक होते. पुन्हा हाक मारली तर ते उठतील, चालवतीलही, पण अर्ध्या झोपेत. आणखी थांबले तर तिची जागा जाईल. तिने संस्थेत फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "चार म्हणजे चार." तिने आईला फोन लावला आणि रडत सगळे सांगितले. आई म्हणाली, "अगं, प्रवेश पुढच्या वर्षीही मिळेल. बाप कुठून आणायचा दुसरा? झोपू दे त्यांना."

तिने दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला आणि ती बसून राहिली. ठोकळ्यासारखी. मित्रांनो, ती शिवी नाही, हे आता तरी तुम्हाला पटले असेल.

काचवाले तीन वाजून गेल्यावर आपोआप उठले. घड्याळ बघून त्यांचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "आधी पाणी प्या. दोन फेऱ्या मारा." मग तिने मला काढले. दोरी सोडायची मात्र राहूनच गेली.

म्हणून सव्वापाच वाजता संस्थेच्या खिडकीसमोर ती उभी राहिली तेव्हा मी तिच्या हाताला लोंबकळत होतो. खिडकीतला कारकून कागद आवरत होता. काचवाले गयावया करायला पुढे झाले. "साहेब, चूक माझी. मला वाटेत झोप लागली."

कारकून त्यांना सोडून तिला म्हणाला, "काय मुली, प्रवेश महत्त्वाचा की झोप?"

तिने मला खिडकीच्या फळीवर ठेवले आणि म्हणाली, "झोप."

प्रवेश मिळाला नाही. गोष्टीत मिळतो तसा तो आयत्या वेळी मिळाला नाही. वर्ष गेले. नातेवाईक येत आणि हळहळत. "पण काही झालं तर नव्हतं ना? मग उगाच वर्ष घालवलं पोरीनं." हे ऐकले की माझ्या लाकडाला आतून आग लागते! काही झाले नाही, हीच तर माझी आयुष्यभराची कमाई आहे. जे झाले नाही ते कोणाला दिसत नाही, त्याचा सत्कार होत नाही. म्हणून काय ते आपोआप होत नाही? कोणीतरी आडवे बसलेले असते म्हणून होत नाही.

एका संध्याकाळी काचवालेही लेकीला म्हणाले, "तू मला उठवायला हवं होतंस गं."

"उठवलं होतं, बाबा. तुम्ही ब्रेक मारलात."

"कुठे?"

"उभ्या गाडीत. धर धर म्हणून ओरडलात."

त्यांना त्यातले काहीच आठवत नव्हते. ते उठून बाहेर गेले आणि माझी विटलेली दोरी काढून त्यांनी नवी ओवली.

पुढच्या वर्षी ते दोघे एक दिवस आधीच निघाले. वाटेत दोनदा झोपले. ती शिकली, आता दूर कुठेतरी रस्ते बांधते. काचवाले निवृत्त झाले. नवी गाडी आली, तिचा ब्रेक बटणाने लागतो. नव्या ड्रायव्हरने मला दोन बोटांत धरून "हे काय?" असे विचारले आणि गोदामाच्या कोपऱ्यात रंगाच्या वाळक्या डब्यांत टाकून दिले. तिथे मी तीन वर्षे होतो. बटण गाडी थांबवते हे मला मान्य आहे. पण थांबायचे कोणी ठरवायचे, हे कुठले बटण सांगते?

सुटीवर आली तेव्हा लेकीने गोदामात जाऊन मला डब्यांतून शोधून काढले, पुसले आणि घरी आणले. काचवाले आता दुपारी आरामखुर्चीत झोपतात आणि वाऱ्याने दार आपटून त्यांची झोपमोड होते. तिने मला त्या दाराखाली घट्ट बसवले आणि ती कामावर परत गेली. काचवाल्यांची बायको केर काढताना मला वळसा घालते. परवा एका पाहुण्याने मला पायाने सरकवायला घेतले, तर काचवाले डोळे न उघडताच म्हणाले, "राहू दे. तो लेकीने लावलाय."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरचे कोणी गाडी चालवताना म्हणाले, "मला झोप येत नाहीये," तर ऐकू नका. लहान असलात तरी ऐकू नका. उशीर होईल, ओरडा बसेल, तरी आडवे या.

लेक पुढच्या महिन्यात येणार आहे. आता ती स्वतः गाडी चालवते. वाटेत दोनदा थांबून झोपणार आहे, असे फोनवर सांगत होती. म्हणजे यायला उशीर होणार. होऊ दे. मी कुठे जातोय?