शेवटची दहा मिनिटं

मी आतापर्यंत दीड हजार सिनेमांचे शेवट पाहिले असतील, आणि त्यांतल्या एकाचीही सुरुवात नाही. ही बढाई नाही, नोकरीच तशी आहे. तीन पडद्यांच्या थिएटरात मी साफसफाईचं काम करते, त्याला बावीस वर्षं झाली. सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की मी आणि माझी जोडीदारीण झाडू, सुपली आणि कचऱ्याची मोठी काळी पिशवी घेऊन आत शिरतो आणि दाराशी अंधारात उभ्या राहतो. दिवे लागले की पुढच्या खेळाला वीस मिनिटं, आणि तेवढ्यात दोनशे दहा खुर्च्या झाडायच्या. लोक बाहेर पडायची वाट बघत बसलो तर झालंच.

त्यामुळे शितावरून भाताची परीक्षा करायची मला सवय लागली आणि माझी मतं पक्की झाली. खुनाच्या सिनेमात शेवटी सगळ्यांना एका खोलीत बोलावून कोणीतरी पंधरा मिनिटं बोलत असेल, तर समजावं की आधी कोणी काही सांगितलेलंच नाही. भुताच्या सिनेमात भूत गेल्यावर जर दार पुन्हा करकरलं, तर ते भूत नसतं, पुढच्या भागाची जाहिरात असते. प्रेमाच्या सिनेमात शेवटी कोणीतरी धावतं. विमानतळावर धावतं, पुलावर धावतं, एकीला तर मी लग्नाच्या कपड्यांत बाजारातून धावताना पाहिलं आणि तो झगा धुणार कोण, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला. अरे, आधी बोलला असतात तर पळावं लागलं नसतं!

बक्षीस मिळालेले सिनेमे वेगळे. त्यांच्यात शेवटी एक माणूस पाण्याकडे बघत उभा राहतो. बराच वेळ बघतो. मग अंधार होतो, आणि तिसऱ्या रांगेतले आजोबा दर वेळी मला विचारतात, "संपला का हो?" मी हो म्हणते. मलाही खात्री नसते.

पण माझी खरी कसोटी पडद्यावर नसते, जमिनीवर असते. पॉपकॉर्नचे डबे रिकामे सापडले की सिनेमा बेताचा, लोक वेळ घालवायला खात होते. जमिनीवर सांडलेले सापडले की सिनेमा मुलांचा. आणि डबे अर्धे भरलेले, खुर्चीच्या हातावर जसेच्या तसे ठेवलेले सापडले, तर सिनेमा चांगला, कारण घास हातात राहून गेलेला असतो. वर्तमानपत्रात नाकानं कांदे सोलणारे काय लिहितात ते मी वाचत नाही. मला सुपली सांगते.

मालिकांचं घरी नेमकं उलटं होतं. रिमोट माझ्या थोरल्या जावेच्या हातात असतो, तिला मी ताई म्हणते. मालिका आठला लागते आणि मी घरी पोचते आठ-वीसला. म्हणजे सुरुवात गेलीच, आणि शेवट मालिकेला नसतोच, ते मारुतीचं शेपूट. मी सगळं मधलंच पाहते. एका बाईची स्मृती तीनदा गेलेली पाहिली. एक डॉक्टर पाच वर्षांत एकाही रोग्याच्या छातीला नळी न लावता फक्त जिन्यात उभा राहून रागावताना पाहिला. ताईला विचारलं, "हा कोण नवीन?" तर ती म्हणते, "सुरुवातीपासून बघितलं असतंस तर कळलं असतं."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

कोणी म्हणेल, थिएटरच्या माणसांना फुकट पास असतो, सुट्टीच्या दिवशी बसून एक सिनेमा पाहायचा की. पण ज्या खुर्च्यांखालून च्युइंगम खरवडलं, त्यांच्यावर सुट्टीच्या दिवशी कोण जाऊन बसेल? आणि एकदा शेवट कळल्यावर सुरुवात कशाला, असं माझं म्हणणं होतं. माझ्या लेकीला ते कधीच पटलं नाही.

लेक सिनेमाच्याच धंद्यात आहे. सहा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांची कापाकाप केली, म्हणजे संकलन, आता स्वतःचा केला आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं वीस मिनिटांचा एक छोटा सिनेमा केला होता. तो मी पाहायला गेले, पण कामावरून सुटून पोचेपर्यंत तीनच मिनिटं उरली होती. "शेवट फार छान होता गं," मी म्हणाले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आई, तू माझ्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटाला येतेस."

खोटं काय त्यात? शाळेची शर्यत, बक्षीस समारंभ, पदवी घेतानाचा दिवस, सगळीकडे वरातीमागून घोडं म्हणजे मी. ती आठ वर्षांची असताना शाळेच्या नाटकात झाड झाली होती. नाटक चारला आणि माझा दुपारचा खेळ सुटला चार वाजून पाच मिनिटांनी. मी अंगावरच्या एप्रनसकट धावले. शाळेच्या सभागृहाचं दार उघडलं तेव्हा पडदा पडत होता, आणि मी जीव खाऊन टाळ्या वाजवायला लागले, तर हातात काळी पिशवी! ठेवायची राहूनच गेली होती. पिशवीचा फडफडाट टाळ्यांपेक्षा मोठा. सगळी शाळा मागे वळून बघत होती. घरी येताना पोर गप्प होती, तेव्हा तिला समजवायला मी म्हणाले, "झाडाला तरी कुठे काय बोलायचं असतं? माझं फारसं काही हुकलं नाही."

तर आता तिचा मोठा सिनेमा, ब्याण्णव मिनिटांचा, आणि पहिला खेळ आमच्याच थिएटरात, सगळ्यात लहान पडद्यावर, गुरुवारी सकाळी अकराला. तिचे सोबती येणार होते, महोत्सवांसाठी सिनेमे निवडणारी दोन-चार माणसं येणार होती. आदल्या आठवड्यात ती घरी आली आणि भाजी निवडत बसलेल्या माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आई, मला तुझं मत हवंय."

"देईन की."

"शेवटाचं नाही. पूर्ण सिनेमाचं. नावं पडायच्या आधी येऊन बसायचं आणि दिवे लागेपर्यंत उठायचं नाही."

"उठतेय कशाला!"

"वचन?"

"अगं वचन. पाय बांधून घेतेस का?"

ती हसली, पण डोळ्यांनी नाही. मला कळलं की या वेळी चुकले तर पोर पुन्हा मला कधी बोलावणार नाही. रागानं नव्हे, सवयीनं. ते जास्त वाईट.

गुरुवारी मी सुट्टी टाकली, इस्त्रीचे कपडे घातले, आणि साडेदहालाच हजर झाले. दारावर खुर्च्या दाखवणारा टॉर्चमामा माझा बावीस वर्षांपासूनचा सोबती. त्यानं माझं तिकीट हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि फाडलं. "आत जा ताई, पण झाडू इथेच ठेवून," तो म्हणाला. लेकीनं मला दाराजवळची कडेची खुर्ची दिली आणि स्वतः शेजारी बसली. त्या खुर्चीचा डावा हात डुगडुगतो हे मला माहीत होतं, म्हणून मी उजवा धरला. मला सिनेमा आवडला नाही तर? खोटं बोलता येत नाही मला, निदान सिनेमाबाबत.

अंधार झाला. मला वाटलं होतं सुरुवात म्हणजे नमनाला घडाभर तेल असेल, सूर्य उगवेल, पक्षी उडतील. तसं काही झालं नाही. पडद्यावर एका शाळेचा रंगमंच आला. पुठ्ठ्याच्या खोडात एक लहान मुलगी उभी, डोक्यावर कागदाची पानं. तिचं सगळं लक्ष समोरच्या बंद दाराकडे. नाटक चालू आहे, राजा बोलतोय, आणि ही थरथरतेय. पानं सळसळायला लागली. पुढच्या रांगेतली मुलं खुसखुसली, "झाड हलतंय, झाड हलतंय!" राजा बिचारा थांबला. बाई पडद्याआडून हातवारे करताहेत. आणि त्या झाडानं, ज्याला नाटकात एक शब्दही नव्हता, दारावरची नजर न काढता मोठ्यानं सांगून टाकलं,

"वारा सुटलाय!"

सभागृह हसलं. आमचं थिएटरही हसलं. मी रडले. लपवून नाही, चांगलं नाक ओढत रडले. एकवीस वर्षं मी समजत होते की झाड गप्प होतं. पोर एकटी उभी राहून थरथरली होती, स्वतःच स्वतःला सावरून घेतलं होतं, आणि मला घरी येऊन सांगितलंही नव्हतं, कारण मी आधीच म्हणून बसले होते की झाडाला कुठे काय बोलायचं असतं.

पुढचा सिनेमा मी डोळ्यांत तेल घालून पाहिला. आणि माझी मतं होतीच. त्यातली आई थिएटरात झाडू मारते, ते ठीक, पण त्या नटीनं झाडू असा काही धरला होता की चार दिवसांत कंबर धरेल. मध्ये एक काका हरवलेल्या सायकलची गोष्ट दोनदा सांगतो, दुसऱ्यांदा मला जांभई आली. पण पोरगी मोकळ्या थिएटरात खुर्च्यांच्या रांगांमध्ये अभ्यास करते आणि आई तिच्या पायाखालून झाडत जाते, "पाय वर," "पाय वर," तेव्हा माझे पाय खरोखरच वर झाले. लेकीनं बघितलं आणि तोंडावर हात धरला.

मग ती मुलगी मोठी झाली. तिनं बॅग भरायला घेतली, आणि वाद्यं हळू झाली.

आता बघा. बावीस वर्षं रोज पाच-सहा वेळा मी हे ऐकलं आहे. वाद्यं हळू झाली, कोणी बॅग भरायला घेतली, की दहा मिनिटं उरली. डोकं सिनेमात होतं, डोळे भरलेले होते, पाय मात्र नोकरीत होते. मला कळलंसुद्धा नाही, पडद्यात बुडालेल्या लेकीलाही नाही. मी उठले, दार लोटलं, बोळातलं कपाट उघडलं, काळी पिशवी काढली आणि झटकून फुगवली. स्टुलावर बसलेली माझी जोडीदारीण बिस्किट खायची थांबली.

"अगं, तू आज प्रेक्षक ना?"

जित्याची खोड! मी जी पळाले, ती प्रेमाच्या सिनेमातल्या बाईसारखी. दार ढकललं, तर काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकत होती; या सिनेमात दहा मिनिटं उरलीच नव्हती, दोनच होती.

दिवे लागले. लोक लगेच उठले नाहीत. मग टाळ्या झाल्या, लेकीला मिठ्या मारल्या गेल्या, कोणी डोळे पुसत होतं. मी सवयीनं खुर्च्यांकडे पाहिलं. डबे अर्धे भरलेले होते, सगळे. दीड हजारात असं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. माणसं माझ्यासमोरून बाहेर गेली, आणि मग माझी रिकामी खुर्ची आणि मी यांच्याकडे आळीपाळीनं बघत लेक उभी राहिली.

"गेली होतीस?" तिनं विचारलं.

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. इतके शेवट पाठ असलेली बाई मी, एक रचायला मला काय लागतं? मुलगी बॅग घेऊन निघते, आई अडवत नाही, खिडकीतून बघत राहते. बावीस वर्षं मनातल्या मनात मी सुरुवाती अशाच तर रचत आले. पण तिचा चेहरा आठ वर्षांचा झाला होता.

"शेवट हुकला गं माझा," मी म्हणाले. "वाद्यं हळू झाली आणि पाय उठले. वचन मोडलं. शप्पथ, मुद्दाम नाही."

तिनं खुर्चीचा डुगडुगणारा हात धरला.

"काका एकदा काप," मी घाईघाईनं म्हणाले. "सायकल एकदाच पुरे. आणि त्या बाईला झाडू धरायला शिकव, हवं तर माझ्याकडे पाठव."

"आणि सुरुवात?"

मी फक्त एक हात वर केला आणि बोटं हलवली, पानांसारखी. "वारा सुटला होता," मी म्हणाले. "मला माहीतच नव्हतं, बाळा. मला वाटलं झाड गप्प होतं."

तेव्हा ती हसली, या वेळी डोळ्यांनीही, आणि तिनं माझ्या हातातल्या काळ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"शेवट तुला कशाला बघायचाय? शेवटाला तू होतीसच. ती मुलगी बॅग घेऊन निघते, आणि निघता निघता तिला ते नाटक आठवतं. पडदा पडत असतो, दार उघडतं, आणि दारात एप्रन घातलेली एक बाई, हातात ही एवढी पिशवी. बस. तिथंच संपतो."

"मग? ती बाई काय करते?"

"तुला माहितीये की काय करते."

मला माहीत होतं. मी या वेळी पिशवी आधी खाली ठेवली. मागच्या रांगेत झाडायला आलेली जोडीदारीण कंबरेवर हात ठेवून बघत राहिली, आणि मी त्या रिकाम्या थिएटरात जीव खाऊन टाळ्या वाजवल्या. एकवीस वर्षांपूर्वी वाजवल्या होत्या तशाच. तेव्हा कशासाठी वाजवतेय ते ठाऊक नव्हतं, आज होतं.